अपेश

‘तुला कसलं गं अपयश?’ सर म्हणाले. ‘तुमच्यासाठी सरकारने नापास व्हायला जागा तरी ठेवलीय का?’

सगळे हसले.

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं सांगता येतं, पण हे सांगताना अजून कान तापतात. माझ्यावर हसले त्यांचं मी काय करणार होते? पण त्यांच्यात माझाही आवाज होता. जरा जास्तच मोठा होता.

नल्लकुंट्यातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर सरांची कॉम्प्युटरची कंपनी होती. वर त्यांचं घर, खाली आमचं ऑफिस. सर पुण्याचे. हैदराबादेत कंपन्या धडाधड उघडत होत्या तेव्हा तेही आले आणि सोबत पुण्याची चार-पाच मुलं घेऊन आले. बाकी आम्ही इथले. दर शनिवारी काम लवकर थांबायचं. सतरंजी घालून सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकाने उभं राहून आपलं अपयश सांगायचं. सर त्याला ‘पडण्याचा तास’ म्हणत. सांगणाऱ्याने शेवटी आपापल्या भाषेत म्हणायचं, ‘हे अपयश माझं आहे.’ मग टाळ्या. अशी ती पद्धत सरांनी कुठल्याशा पुस्तकातून घेतली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

स्वतः सरांनी पहिल्या शनिवारी सांगितलं होतं. वडिलांनी पुण्यातला प्लॉट विकून त्यांना कारखाना काढून दिला, तो बुडाला. सांगताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. खूप टाळ्या. मग त्यांचा भाचा निखिल. तो आमचा मुख्य प्रोग्रामर. त्याला पहिल्या खेपेला अमेरिकेचा व्हिसा नाकारला होता. टाळ्या. पद्माने तेलुगूत सांगितलं, बँकेची परीक्षा हुकली. तिलाही टाळ्या. पद्मा माझ्या शेजारच्या टर्मिनलवर बसायची.

मग माझी पाळी. मी आठवडाभर घोकलं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी गणितात नापास झाले, ते सांगितलं. वर्ष वाया गेलं, घरात कोणी बोलेना, मी पुन्हा बसले, पास झाले. शेवटचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि सर ते बोलले. हसण्यात माझी पाळी संपली. टाळ्या राहूनच गेल्या.

नंतर सरांनी मला बाजूला घेतलं. ‘गंमत केली गं. आम्ही जातबित काही मानत नाही, माहितेय ना तुला? हलकं घ्यायला शिकायचं.’

‘हौ सर.’

‘हौ नाही. हो.’

‘हो सर.’

माझी मराठी अशीच. आईबाप परभणीकडचे, माझ्या जन्माआधी इकडे आलेले. बाबा काचीगुडा स्टेशनवर डबे धुणाऱ्या टोळीत. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. घरात आईची परभणीची भाषा, गल्लीत हैदराबादी उर्दू, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी. मराठी वाचायला बाबांनी शिकवलं, तेही बुद्धवंदनेच्या पुस्तिकेवरून, बोट ठेवून ठेवून. त्यामुळे बोलते मी भराभर, पण वाचताना अजून अडखळते. गाडी सिग्नलला थांबावी तशी जोडाक्षराला थांबते.

बाबा म्हणायचे, रेल्वेत आता भरती नाही, आमच्यानंतर ठेकेदाराची माणसं येणार, तू तुझं बघ. बघ म्हणजे काय बघ, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अमीरपेटला जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. टीव्हीवर नवे चॅनल आले होते आणि त्यातली सगळी माणसं कुठेतरी पोचलेली दिसायची. मी कोबोलचा क्लास लावला. आणि रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जाऊन जुनी पुस्तकं उलथीपालथी करायला लागले. यश कसं मिळवावं, भीती कशी जिंकावी, पडून कसं उठावं. इंग्रजी पुस्तकं. शब्द अडले तर पुढे जायचं, अर्थ लागतोच.

खरं सांगते, ती पुस्तकं मला फार आवडली. त्यांनी कधी माझं आडनाव विचारलं नाही. थेट ‘तू’ म्हणून बोलायची. तू करू शकतेस. तुझं नशीब तुझ्या हातात. अपयश आलं तर त्याला घाबरू नको, जवळ घे. माझ्याशी असं तोवर कोणी बोललं नव्हतं. सकाळी दात घासताना मी आरशात बघून इंग्रजीत म्हणायचे की मी जिंकणार आहे. आई मागून म्हणायची, ‘आरशाला काय सांगायलीस? आरसा देतो का नोकरी?’

नोकरी खरं तर पुस्तकानेच दिली. मुलाखतीत सरांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, ‘अच्छा. अच्छा.’ दोनदा. मग माझ्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक त्यांना दिसलं आणि चेहरा खुलला. ‘अरे वा, हे वाचतेस तू?’ मला डेटा एन्ट्रीला घेतलं. काम बघून प्रोग्रामरमध्ये घेऊ म्हणाले.

मला तेच हवं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत, धूळ जाते म्हणून. आम्ही बाहेर काढून अनवाणी आत जायचो. आत डाव्या हाताला आमच्या टर्मिनलांची रांग आणि लाकडी खुर्च्या. उजव्या हाताला काचेपलीकडे प्रोग्रामर. त्यांच्या खुर्च्यांना चाकं होती. मी दिवसभर कार्डावरची नावं-पत्ते बडवायचे आणि मधूनच काचेपलीकडे बघायचे. त्या खुर्चीत बसायचं. दुसरं काही नको. इतकं स्वच्छ मला आयुष्यात दुसरं काही हवं नव्हतं.

त्या हसण्यानंतरही मी तिथेच राहिले ते त्या खुर्चीसाठी. उलट मी पुस्तकात शोधलं, अपमान झाला तर काय करावं. लिहिलं होतं की कोणी तुमचा अपमान करू शकत नाही, तुम्ही तो करून घेता. मी वाक्याखाली रेघ मारली. चूक माझीच, मी मनाला लावून घेतलं. पुढच्या शनिवारी मी सगळ्यांत आधी जाऊन सतरंजी घातली.

सर खूश झाले. त्यांनी मला एका पुस्तकाचा मराठी अनुवाद दिला. ‘मराठी मुलगी आहेस, मराठीतून वाच. दर शनिवारी आधी तू एक पान वाचून दाखवायचं. कॉन्फिडन्स येईल.’ मी सांगायला हवं होतं की मला इंग्रजी बरं पडतं. मराठी मुलगी म्हणाले म्हणून सुखावले आणि पुस्तक घेतलं.

उभी राहिले. पहिल्याच ओळीत तो शब्द होता. डोळ्यांनी अ बघितला, प बघितला, आणि तोंडातून घरातला शब्द बाहेर पडला. ‘अपेश ही यशाची...’

‘काय? काय?’ सरांनी हात वर केला. ‘अपेश? हे कुठलं काढलंस? अपयश. त्यात यश आहे बघ. यश! तू नेमकं तेच खाल्लंस.’

पुण्याची मुलं लोळायची बाकी राहिली. पद्माला काही कळलं नाही, पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला तेही नको होतं. मी पुन्हा वाचलं. अ-प-य-श. लहान पोराने वाचावं तसं.

त्या दिवसापासून निखिल मला ‘अपेश’ म्हणायला लागला. ‘ए अपेश, फाइल झाली का?’ ‘अपेश, प्रिंटर बघ गं.’ आणि मी बघायचे. नाव म्हणून त्या शब्दाला ओ द्यायचे. घरी येऊन शब्द घोकायचे, अपयश, अपयश. आई म्हणायची, ‘अपेशच की त्ये. आमी तर अपेशच म्हणताव.’ मी तिच्यावर खेकसायचे, ‘तुला काय कळतं त्यातलं?’

मग अमेरिकेतलं एक काम आलं. तिकडच्या एका दवाखान्याच्या जुन्या रुग्णांची कार्डं कॉम्प्युटरमध्ये भरायची. नाव, पत्ता, जन्मतारीख. कार्डावर महिना अक्षरांत लिहिलेला असायचा, आम्हाला तो आकड्यांत घालायचा होता. पहिल्या दिवशी निखिल आमच्या रांगेमागे येऊन उभा राहिला. पद्माने विचारलं, ‘पहले दिन या पहले महीना?’ तो म्हणाला, ‘अपने जैसाइच. पहले दिन, फिर महीना.’ हैदराबादी बोलायची हौस होती त्याला. आम्ही घातलं तसंच. कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आपण सगळे तारीख तशीच लिहितो.

अमेरिकेत आधी महिना लिहितात. चार मार्चला जन्मलेला माणूस तिकडे तीन एप्रिलला जन्मला. सगळं काम परत आलं आणि पाठोपाठ तिकडचा एक साहेब येणार असं कळलं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. मी त्या खोलीत पहिल्यांदाच बसत होते.

‘हे बघ,’ ते म्हणाले, ‘साहेब शनिवारी येतायत. आपल्या पडण्याच्या तासाबद्दल मी त्यांना सांगितलंय, त्यांना भारी आवडलं. ते बसणारेत. तू उभी राहायचं. सांगायचं, तारखा माझ्याकडून उलट्या पडल्या, टायपिंगची चूक, हे अपयश माझं आहे. बस. टाळ्या वाजतील, विषय संपेल.’

‘पण सर, निखिल सरांनी...’

‘माहितेय मला.’ आवाज चढलाही नाही त्यांचा. ‘त्याचे तिकडे जायचे कागद चाललेत. आत्ता त्याचं नाव यायला नको. तुझं काय जाणार आहे? उलट मी पुढच्या महिन्यापासून तुला काचेपलीकडे घेतो. ट्रेनी प्रोग्रामर. आणि हे तुझ्या भल्याचंच आहे गं. वाचलंस ना इतकं? अपयश स्वीकारलं की माणूस मोठा होतो.’

मी ‘हो सर’ म्हणाले. नीट, शुद्ध.

बाहेर येऊन काचेपलीकडे बघितलं. कोपऱ्यात एक चाकांची खुर्ची रिकामी होती. त्या संध्याकाळी मी बसने न जाता चालत घरी गेले आणि रस्ताभर मला आनंद होत होता. तो आनंद आठवला की आजही खाली बघावंसं वाटतं.

आई भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं, प्रोग्रामर होणार. कसं, ते विचारलं तिने. तेही सांगितलं. थापणारे हात थांबले.

‘म्हंजी चूक त्या पोराची, आन् म्हणायचं तू?’

‘म्हणायचंच तर आहे, आई. आमच्यात वाईट नाही मानत. टाळ्या वाजवतात.’

‘अपेश माथी मारायलेत की गं तुझ्या,’ आई म्हणाली. ‘आन् तू टाळ्या ऐकायलीस.’ मग भाकरी तव्यावर टाकून, माझ्याकडे न बघता, ‘गावात पाटलाचा बैल मेला तरी आमच्याच माथी यायचं. पर आमी कदी म्हणलं नाही, हे आमचं हाय म्हणून. मार खाल्ला, पर म्हणलं नाही.’

मी उठून आत गेले. पुस्तक काढलं. मराठीवालं. पानं उलटत गेले, अडखळत, बोट ठेवून. अपयश स्वीकारा. अपयशाला जवळ करा. अपयशाकडून शिका. जिथे तिथे एकच माणूस, वाचणारा. त्याचं अपयश, त्याचं मन, त्याची भीती. दुसरं कोणीच नाही. आणि आईच्या शब्दापुढे एकच क्रियापद यायचं. मारणे. माथी मारणे. म्हणजे मारणारा हवा. माझ्या सगळ्या पुस्तकांत मारणारा कोणी नव्हता.

मी गणितात नापास झाले ते अपयश. अभ्यास कमी पडला होता, माझाच. ते मी उभं राहून कोणालाही सांगेन, सांगितलंही. हे अपयश नव्हतं. मी वाचताना चुकले नव्हते. शब्दच वेगळा होता.

असं कळलं म्हणून धीर आला असं नाही. शनिवारपर्यंत मी दोन्ही वाक्यं घोकत होते, हे माझं आहे आणि हे माझं नाही. बसमध्ये एक, टर्मिनलवर दुसरं.

शनिवारी साहेब आले. उंच, घामाघूम, हसतमुख माणूस. सतरंजीवर मांडी घालता येईना म्हणून त्यांना चाकांची खुर्ची दिली. तीच, कोपऱ्यातली. सरांनी इंग्रजीत छोटं भाषण केलं. मग माझ्याकडे हात केला.

मी उभी राहिले. निखिल खाली बघत होता, बाकी सगळे माझ्याकडे.

‘तारखा उलट्या पडल्या,’ मी मराठीत म्हणाले. ‘आम्हाला सांगितलं होतं तशा आम्ही घातल्या. सांगणारे दुसरे होते. हे अपयश माझं नाही.’

सर क्षणभरसुद्धा अडखळले नाहीत. साहेबांकडे वळले, हसले आणि इंग्रजीत म्हणाले की ही मुलगी म्हणतेय, चूक माझ्या हातून झाली, हे अपयश माझं आहे.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. मग सरांनी. मग पुण्याच्या मुलांनी, ज्यांना माझा शब्द न् शब्द कळला होता. पद्माच्या रांगेतल्यांनीही वाजवल्या, बाकीचे वाजवतायत म्हणून. माझ्या ‘नाही’वर टाळ्या पडत होत्या.

सरांनी डोळ्यांनी खूण केली, बस आता.

बसले असते तर चाललं असतं. मी बोलले होते, माझ्यापुरतं. घरी जाऊन आईला सांगता आलं असतं की मी नाही म्हणाले. खुर्चीही मिळाली असती. इतकी सोय मला कधी कोणी करून दिली नव्हती.

माझं इंग्रजी वाचण्यापुरतं होतं. बोलण्यापुरतं नव्हतं. आरशाशी तेवढं एक वाक्य बोलायचे. आता चारचौघांत, गोऱ्या माणसासमोर, पुण्याच्या मुलांसमोर चुकणार हे मला दिसत होतं. आणि तेव्हा, गंमत बघा, पुस्तकच मदतीला आलं. पडायला घाबरू नको. ठीक आहे, पडते.

‘नो सर,’ मी म्हणाले. ‘ही टेलिंग राँग. आय नॉट सेड माइन. आय सेड नॉट माइन. दे टोल्ड डे फर्स्ट. वुई टाइप्ड. नॉट माय फेल्युअर.’

व्याकरण गेलं चुलीत. मला ते तेव्हाही ऐकू येत होतं. कान तापले. कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांचं हसू विरलं. त्यांनी सरांकडे बघितलं, मग निखिलकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

या वेळी मी हसले नाही.

सर माझ्यामागे ओट्यावर आले. मी चपला शोधत होते. सगळ्यांच्या बुटांखाली माझी एक चप्पल गेली होती.

‘तुझं भलं करायला गेलो मी,’ ते म्हणाले. ‘तुम्हा लोकांना किंमतच नसते. सोमवारपासून येऊ नकोस.’

मी वाकून बूट बाजूला केले आणि चप्पल काढली. त्यांचं मराठी पुस्तक पिशवीत होतं. ते त्यांच्या हातात दिलं.

‘हौ सर,’ म्हणाले आणि निघाले.

घरी आईला चेहऱ्यावरून कळलं असावं. जेवायला वाढलं. बाबा म्हणाले, दुसरी बघू. दुसरी लवकर मिळाली नाही. मिळाली तीही काचेअलीकडची. निखिल पुढे अमेरिकेला गेला, असं पद्माने सांगितलं. त्याचं काही अडलं नाही. चाकांच्या खुर्चीत मी बसले, पण फार उशिरा आणि दुसऱ्याच कामाला. प्रोग्रामर मी झाले नाही. ते अपयश माझं. ते मी कोणाला देत नाही.

मात्र त्या दिवसांची लाज गेली नाही. हसले त्याची, ‘अपेश’ हाकेला ओ दिली त्याची, आईवर खेकसले त्याची, त्या चालत आलेल्या संध्याकाळच्या आनंदाची. त्या लाजेतली बरीचशी माझी नव्हतीच, तीही माथी मारलेली होती, हे कळायला वर्षं गेली. आजही कुठल्या ऑफिसात कोणी टाळ्या वाजवायला लागलं की माझा हात आधी डोक्याकडे जातो.

पुस्तकं मी अजून वाचते. रेघा मारत नाही. प्रत्येक पानावर शोधते, यात मारणारा कुठाय. तो नसेल तर तिथे पेन्सिलने एक शब्द लिहिते, आईचा, तिच्या उच्चाराने.

आणि एक ठरवलंय. माझ्या माथ्यावर काही ठेवायला कोणी आलं, कितीही गोड बोलत आलं, तरी आधी विचारायचं, हे कोणाचं? मराठीत विचारायचं. ऐकू न आल्यासारखं केलं तर उर्दूत, तेलुगूत, मोडक्या इंग्रजीत. त्याला कळेपर्यंत आणि त्याच्याशेजारी बसलेल्यालाही कळेपर्यंत.